येशूवर सगळ्यांहून जास्त प्रेम करायचं म्हणजे आईवडिलांना मागे टाकायचं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला बायबलमधलं लूक १४:२६ दाखवून गप्प केलं गेलं: आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही. हेच वचन एकदा मलाही ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहायला बसले.

पक्षाघातानं आई साडेतीन वर्षं अंथरुणावर होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. माझी रविवारची उपासना सुटली, प्रार्थनासभा सुटली. दादा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात बुडालेला. हात लाव म्हटलं तर म्हणाला, "माझा वेळ, माझा पैसा मी प्रभूला वाहिलाय. तू मात्र आईला प्रभूच्या वर बसवलंस."

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज आहे. मार्कचा ७वा अध्याय काढा. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' केलं, देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं तिथे तोंडावर ढोंगी म्हटलंय.

आणि तो 'द्वेष'. उत्पत्ती २९ मध्ये याकोबाच्या दोन बायकांपैकी राहेलवर त्याचं लेआपेक्षा जास्त प्रेम होतं असं येतं, आणि लगेच पुढच्या ओवीत लेआसाठी मूळ हिब्रूत 'द्वेष केलेली' हाच शब्द आहे. आपल्या गोष्टींतली आवडती नि नावडती, तसंच. मत्तय १०:३७ तेच सरळ सांगतो: 'माझ्यापेक्षा' जास्त प्रेम नको.

एका रात्री तीनच्या सुमारास मी तिसऱ्यांदा चादर बदलत होते. आईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं, सोडेना. मी तो हात झटकला. जोरात. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ज्या प्रेमावरून मला बोल लावला जात होता, ते त्या घटकेला माझ्यात थेंबभर उरलं नव्हतं. बादलीशेजारी बसून मी प्रभूला म्हटलं, तिच्यासाठी आता माझ्यानं उठवत नाही. तुझ्यासाठी उठते. उठले, कोरडी चादर घातली, तिचा हात हातात घेऊन स्तोत्र २३ म्हणू लागले. तिचे ओठ एका बाजूनं हलत होते.

प्रभू पहिला, याचा अर्थ मला त्या रात्री कळला. माझ्याकडचं संपल्यावर आईला जे मिळालं ते त्याच्याकडचं होतं. मंडळीचं काम म्हणजे प्रभू नव्हे, एवढं तरी नीट वेगळं करा.

घरचे विश्वासच सोड म्हणत असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे ऐकायचं प्रभूचंच, आणि ते जड जाणारच. काहींना खरंच घर सोडून जायचं पाचारण असतं, तेही मी नाकारत नाही. येशूचे शिष्य याकोब आणि योहान बापाला, जब्दीला, तारवात सोडून गेलेच की. पण मार्क १:२० नीट वाचा, जब्दी तिथे एकटा नव्हता, मजूर होते सोबत. माझ्या आईजवळ कुणी मजूर नव्हते. दादाची भक्ती खोटी होती असंही मी म्हणणार नाही. तो पहाटे उठून तासभर गुडघ्यांवर असायचा, मी पाहिलंय. फक्त त्याच भिंतीपलीकडे आई कण्हत असायची.

पुन्हा कुणी तुमच्यापुढे लूक १४ उघडलं, तर त्यालाच योहान १९:२६-२७ मोठ्यानं वाचायला सांगा. क्रूसावर खिळलेला असताना प्रभू आपल्या आईची सोय लावतोय. पुरतं वाचून होईपर्यंत त्याला पुस्तक मिटू देऊ नका.