पाऊण तासाची दुपारची मैफल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : व्हायोलिन, चेलो आणि पियानो असे आम्ही तिघे हौशी वादक आहोत. दुपारच्या सुट्टीत 45 मिनिटांचा मोफत कार्यक्रम ठरला आहे. आधी हायडन या संगीतकाराचा एक ट्रायो (तीन वाद्यांसाठीची रचना) आणि मग शूबर्टचा बी फ्लॅट मेजर ट्रायो, एवढं बसेल का?

उत्तर : नाही. शूबर्टचा तो ट्रायो एकटाच चाळीसेक मिनिटं घेतो. 45 मिनिटांत प्रत्यक्ष वाजवायला 35, फार तर 37 मिनिटं हाती लागतात. उरलेली येण्याजाण्यात, टाळ्यांत, निवेदनात आणि मधे सूर जुळवण्यात जातात. श्रोत्यांना कामावर परतायचं असतं, त्यामुळे वेळ उलटली की शेवटच्या पानावर खुर्च्या सरकू लागतात.

त्यापेक्षा असं करा. हायडनचा जी मेजर ट्रायो (1795, ज्याच्या शेवटच्या भागाला ‘जिप्सी रोंडो’ म्हणतात) साधारण 15 मिनिटांचा आहे. त्यात चेलो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताबरोबरच चालतो, म्हणून हात गरम व्हायला तो बरा. मग शूबर्टचंच ‘नोटुर्नो’, एकाच भागाचं, नऊ-दहा मिनिटांचं. शेवटी मेंडेल्सोनच्या डी मायनर ट्रायोचा (1839) फक्त पहिला भाग. त्याची सुरुवातच चेलोच्या धुनेने होते, म्हणजे इतका वेळ मागे राहिलेल्या चेलोवादकाला न्याय मिळतो. मात्र त्यातलं पियानोचं काम भारी आहे. पियानोवादकाचा हात त्या वेगाला तयार नसेल, तर मेंडेल्सोन सोडा आणि कार्यक्रम अर्ध्या तासाचाच ठेवा. कोणी तक्रार करत नाही.

दोन ठिकाणी हमखास घसरतं. जिप्सी रोंडो तालमीपेक्षा जलद सुटतो आणि मधल्या मायनर भागात व्हायोलिनची दमछाक होते, म्हणून सुरुवात करण्यापूर्वी तो मायनर भागच मनात म्हणून घ्या आणि त्यावरून लय ठरवा. आणि पुनरावृत्ती घ्यायची की गाळायची हे तिघांच्याही कागदावर पेन्सिलीने लिहा. तोंडी ठरवलेलं ऐन वेळी एक जण विसरतो आणि दोघे पुढे, एक मागे अशी गत होते.

प्रश्न : आमची खोली छान उजेडाची आहे, पण सकाळी जुळवलेली वाद्यं दुपारी बेसूर होतात. शिवाय क्लॅरिनेट आणि व्हायोलिन एकमेकांपासून उलट दिशेला जातात. असं का?

उत्तर : कारण ते खरंच उलट दिशेला जातात. उष्णतेने धातूची तार प्रसरण पावते, तिचा ताण कमी होतो आणि सूर उतरतो. क्लॅरिनेटमध्ये आवाज नळीतल्या हवेचा. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो. क्लॅरिनेटवाल्याने मुखनळीजवळचा सांधा किंचित बाहेर ओढला की सूर खाली येतो. व्हायोलिनला मात्र तारा पुन्हा चढवाव्याच लागतात.

मुख्य उपाय सावलीचा. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा कार्यक्रमाच्या वेळी कुठे पडतो ते आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन पाहा आणि मग खुर्च्या मांडा. ऊन थेट वाद्यावर पडलं तर बेसूर होणं ही किरकोळ गोष्ट. व्हायोलिन, चेलो ही वाद्यं प्राणिज सरसाने जोडलेली असतात आणि तापल्यावर सांधे सुटतात. वाद्यं पेटीतून काढून निदान अर्धा तास खोलीत राहू द्या. पियानो असेल तर तो त्याच सकाळी जुळवून घ्या, आणि पंखा किंवा वातानुकूलन कार्यक्रमात जसं असेल तसंच चालू ठेवून. बंद खोलीत आदल्या रात्री जुळवलेला पियानो दुपारी वेगळाच लागतो. बाकीचे सगळे पियानोच्याच ‘ए’ या सुरावर जुळवतील, तो 438 हर्ट्झवर असेल तर नेहमीच्या 440चा हट्ट धरू नका.

चेलोसाठी बिनहाताची, सपाट बैठकीची खुर्ची हवी. फरशी गुळगुळीत असेल तर चेलोचा टोकदार पाय सरकतो. खुर्चीच्या पायाला अडकवलेला पट्टा त्याला पुरतो. पंख्याखाली पानं उडतात, कपड्यांचे चिमटे जवळ असू द्या.

प्रश्न : रचनेच्या दोन भागांच्या मधेच टाळ्या पडतात. आधी सूचना द्यावी का?

उत्तर : ‘टाळ्या वाजवू नका’ ही सूचना मोफत कार्यक्रमाला आलेल्या नवख्या माणसाला ओशाळं करते. ‘या रचनेचे चार भाग आहेत’ एवढंच सांगा. उरलेलं काम गजाचं. भाग संपल्यावर गज तारांजवळ वर धरून ठेवला की लोक थांबतात; गज आणि खांदे खाली आले की टाळ्या येतात. तरीही पडल्याच तर मान लववून पुढे चला.

हायडनच्या 1781 सालच्या ई फ्लॅट मेजर चौकडीत (चार तंतुवाद्यांसाठीची रचना), जिला ‘द जोक’ म्हणतात, ही फजिती मुद्दाम लिहिलेली आहे. शेवटी धून तुकड्या-तुकड्यांत येते, मधे विराम, मग लांबलचक शांतता. संपलं असं वाटतं, आणि पहिलाच तुकडा हळूच पुन्हा येऊन तिथेच थांबतो. तिथे गज कधी खाली आणायचा याची स्वतंत्र तालीम करा.

प्रश्न : पूर्ण मोफत ठेवावं की नाममात्र तिकीट?

उत्तर : दोन्ही चालतं. पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर 1939 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली सुरू केल्या, तेव्हा प्रवेश एक शिलिंग होता. तिकीट नसेल तर दानपेटी बाहेर पडण्याच्या दाराशी ठेवा, आत येताना नको. दाराजवळच्या शेवटच्या दोन रांगा उशिरा येणाऱ्यांसाठी आणि लवकर उठणाऱ्यांसाठी मोकळ्या सोडा. दारावर एक माणूस असू द्या, जो दोन भागांच्या मधेच लोकांना आत सोडेल. आणि वादकांना मानधन नसलं, तरी पियानो जुळवणाऱ्याचे पैसे खर्चात आधीच धरा.