अर्धशिशीच्या जोडीला सर्वांगाचे दुखणे

प्रश्न : माझे वय ४३ आहे. कॉलेजात असल्यापासून मला अर्धशिशीचा त्रास आहे आणि गेली तीन वर्षे मान, खांदे, कंबर, मांड्या असे सगळे अंगच दुखते. रात्रभर झोपूनही सकाळी थकवा जात नाही. डोके दुखते त्या दिवशी वेणी घालताना केसांची मुळे दुखतात आणि हल्ली तर हातातल्या बांगड्याही बोचतात. रक्ताच्या तपासण्या व एमआरआय नॉर्मल आहेत. डोक्यासाठी एक डॉक्टर आणि अंगदुखीसाठी दुसरे असल्याने जवळजवळ रोज एखादी वेदनाशामक गोळी होतेच. घरचे म्हणतात, ‘फार मनाला लावून घेतेस.’ हे दोन आजार आहेत की एकच?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नावे दोन असली तरी या आजारांचे नाते जवळचे आहे आणि वेणीचा व बांगड्यांचा जो अनुभव तुम्ही लिहिला आहे, तो या नात्याची महत्त्वाची खूण आहे. अर्धशिशीच्या झटक्यात चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणांच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस चेतवली जाते, तिच्या टोकांतून सीजीआरपी हे रसायन स्रवते आणि मेंदूच्या देठातील चेतापेशी इतक्या हळव्या होतात की कंगव्याचा साधा स्पर्शही दुखू लागतो. हा हळवेपणा पुढे थॅलॅमसपर्यंत, म्हणजे सर्व शरीराच्या संवेदना जिथे येतात त्या मेंदूतील केंद्रापर्यंत पोहोचला, तर डोक्यापासून दूर असलेल्या हाताच्या त्वचेलाही हलका स्पर्श सहन होत नाही. वैद्यकशास्त्रात याला ‘सेंट्रल सेन्सिटायझेशन’ म्हणतात. १९८३ मध्ये वेदनेचे अभ्यासक क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून मज्जारज्जूच्या पातळीवर ही प्रक्रिया दाखवून दिली होती. अर्धशिशीत बहुधा झटक्यापुरती असणारी ही अवस्था फायब्रोमायल्जियात, म्हणजे सर्वांगाच्या जुनाट दुखण्यात, ठाण मांडून बसते, असे आज मानले जाते. अर्धशिशीमुळेच अंगदुखी जडते असे सिद्ध झालेले नाही. मात्र एक आजार असणाऱ्यांत दुसरा अधिक आढळतो आणि डोकेदुखीचे दिवस जितके जास्त, तितकी ही शक्यता वाढते.

एमआरआय नॉर्मल आला याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा मुळीच होत नाही. बिघाड हाडात किंवा स्नायूत नसून वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या यंत्रणेत असतो आणि तो या चित्रांत दिसत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा वेदनेला ‘नोसिप्लास्टिक’ हे स्वतंत्र नाव दिले. हे घरच्यांना जरूर वाचून दाखवा. फायब्रोमायल्जियाचे निदान किमान तीन महिन्यांचा इतिहास, दुखणाऱ्या जागा, झोप व थकवा यांवरून होते. त्यासाठी रक्ताची वेगळी चाचणी नसली तरी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासले गेले आहे ना, याची खात्री करून घ्या.

तुमच्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट मात्र रोजच्या गोळीची आहे. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरचे खास औषध) किंवा अनेक औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. कंबरेसाठी घेतलेली गोळीही या हिशेबात धरावी लागते; अर्धशिशी असलेल्या व्यक्तीचे डोके त्या गोळीसाठी वेगळा नियम लावत नाही. शिवाय फायब्रोमायल्जियात या गोळ्यांचा उपयोग फारच थोडा होतो. दोन डॉक्टरांकडे दोन वेगळ्या फायली असल्या की नेमके हेच नजरेआड होते. म्हणून महिनाभर रोज डोके, अंग, झोप आणि घेतलेली प्रत्येक गोळी यांची नोंद ठेवा आणि दोन्हींकडची सगळी कागदपत्रे एकाच डॉक्टरांसमोर, शक्यतो मेंदूविकारतज्ज्ञांसमोर ठेवा. रोजच्या गोळ्या कशा थांबवायच्या, हेही त्यांच्याच सल्ल्याने ठरवा.

दोन्ही दुखण्यांना लागू पडणारे उपचार आहेत. अमिट्रिप्टिलिन हे जुने औषध रात्री अगदी कमी, बहुधा १० मिलिग्रॅम मात्रेपासून सुरू केले जाते. त्याने काहींची झोप सुधारते आणि दोन्ही त्रास कमी होतात, मात्र तोंडाला कोरड पडते व सकाळी गुंगी राहू शकते. हे औषध नैराश्यावरही देतात, तेव्हा चिठ्ठीवर ते पाहून ‘मलाही मानसिक रुग्ण ठरवले’ असे वाटून घेऊ नका. यासोबत व्यायाम हवाच. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या फायब्रोमायल्जियाविषयक शिफारशींत ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. सुरुवात दहा मिनिटे संथ चालण्याने करा. बरे वाटलेल्या दिवशी तासभर चालून पुढचे दोन दिवस अंथरुणात काढण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे कितीतरी मोलाची आहेत.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७१ आहे. तिला पूर्वी कधीही डोकेदुखी नव्हती. महिनाभरापासून कानशील दुखते, खांदे आखडतात आणि भाकरी चावताना जबडा भरून येतो. हे वरच्यासारखेच असेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : असे गृहीत धरू नका. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी अर्धशिशी समजून घरी अंगावर काढू नये. कानशील, खांदे आणि चावताना दुखणारा जबडा ही लक्षणे एकत्र आली, तर कानशिलाच्या धमनीला आलेल्या सुजेची शंका घ्यावी लागते आणि त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. आईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि ईएसआर व सीआरपी या शरीरातील सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांविषयी विचारा. एका डोळ्याने अंधुक दिसत असेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार तपासण्यांचे निकाल येण्याआधीही सुरू करावा लागतो.