पेठेतल्या तालमीमुळे मुलांचे भवितव्य खरोखर घडते का?

होय, घडते, मात्र तालीम केवळ व्यायाम आणि गणेशोत्सवापुरती उरली, तर नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, कारण खेड्यातून आलेल्या मुलाला शिकण्यासाठी आधी राहायला जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते. दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलाची आजची गरजही जागेचीच आहे. तालमीच्या माडीवर ट्यूबलाइट, चार सतरंज्या आणि किल्ली सांभाळणारा एखादा वडीलधारा असला, तरी पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावून आल्यावर तिथेच अंकगणित सोडवत बसतात, आणि आधी भरती झालेला पेठेतलाच थोरला त्यांना अर्ज भरायला शिकवतो. माझ्या मते खरी मदत हीच. मुलींसाठीही अशी जागा तातडीने व्हायला हवी.