डाळिंबाची कॅप्सूल आणि बाबांचं पंपिंग

ताई, बाबांच्या हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३५ टक्के, डिगॉक्झिन हे हृदयाचं औषध चालू, आणि शेजारच्या काकांनी दोन डबे आणून दिलेत: एक डाळिंबातल्या 'युरोलिथिन ए'चा, दुसरा हळद-मिरीच्या अर्काचा. द्यायचे का, असं तुम्ही विचारलंय. दुसरा डबा आजच बाजूला ठेवा, कारण खाली सांगतो.

डाळिंबाच्या डब्याने हृदयाला बळ येईल, हे काकांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म भागांनी व्यापलेला असतो. दिवसाला लाखभर ठोके द्यायचे तर तेवढी ऊर्जा लागतेच. हृदय दुबळं झालं की हे मायटोकाँड्रियाही बिघडतात. बिघडलेले मोडून साफ करायची पेशीची स्वतःची सोय आहे, तिला मायटोफॅजी म्हणतात. युरोलिथिन ए ती सोय जागी करतं, हे २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण कृमींमध्ये आणि उंदरांमध्ये! माणसांवर पुढे ज्या चाचण्या झाल्या, त्यांत मुख्यतः उतारवयातल्या लोकांच्या हातापायांचे स्नायू तपासले. हार्ट फेल्युअरचा पेशंट त्याने जास्त जगतो, असं कुठल्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही.

आणखी एक गंमत. युरोलिथिन डाळिंबात नसतंच. डाळिंबातल्या टॅनिन या तुरट घटकापासून ते आतड्यातले जिवाणू बनवतात, आणि बऱ्याच जणांकडे ते जिवाणूच नसतात. त्यांनी सोलापूरची डाळिंबं पाटीभर संपवली तरी उपयोग नाही. फळ म्हणून जरूर खा. फक्त स्पायरोनोलॅक्टोन (रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकणारी गोळी) चालू असेल तर ग्लास-ग्लास रस पिण्याआधी पोटॅशियमचा रिपोर्ट बघा, कारण रसातही पोटॅशियम असतं.

मी तीस वर्षं केमिस्टचं दुकान चालवलं आणि आता स्वतःच पेशंट आहे. हृदयासाठी म्हणून अर्जुनसाल दुधात उकळून दोन वर्षं नेमाने घेतली. एकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) पंपिंगचा आकडा होता तिथेच राहिला. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १२ आठवडे अर्जुन देऊन २०१६ साली निष्कर्ष छापले, त्यातही पंपिंग वाढलं नव्हतं. माझी गोळ्यांची पिशवी मात्र या काळात एक दिवसही सुटली नाही, हे माझं नशीब म्हणा.

आता हळद-मिरी. 'वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार' असं काका म्हणाले ना? डिगॉक्झिनही वनस्पतीचंच आहे, फॉक्सग्लोव्हच्या जातीतलं. विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्या झाडावर पुस्तक लिहिलं. आपल्या बिट्टीच्या बियांमध्ये डिगॉक्झिनच्याच रासायनिक गटातलं विष असतं. १९९७ च्या ६,८०० रुग्णांच्या चाचणीत डिगॉक्झिनने मृत्यू कमी झाले नाहीत, ॲडमिट व्हायची वेळ मात्र कमी वेळा आली. डिगॉक्झिनची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. हळद अंगी लागत नाही म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपेरीन घालतात. औषधं आतड्यातून परत बाहेर ढकलणारं एक प्रथिन असतं, ते पिपेरीन अडवतं. डिगॉक्झिनला बाहेर ढकलणारं प्रथिन तेच, त्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. आमटीतल्या चिमूटभर मिरीची काळजी नको. हा प्रश्न अर्काचा आहे.

बाबांनी यातल्या कॅप्सूल आधीच घेतल्यात का, आणि किती दिवस, ते आधी विचारून घ्या आणि दोन्ही डबे डॉक्टरांना दाखवा. मळमळ, जेवण नकोसं होणं, नजरेला पिवळसर दिसणं, नाडी ६० च्या खाली, यांतलं काहीही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आजच नेऊन ईसीजी आणि डिगॉक्झिनची रक्तातली पातळी करून घ्या.