नव्या फार्मासिस्टला रुग्णाशी बोलायला कसे शिकवावे?

आपल्या धुळ्याच्या दुकानात डी.फार्म. होऊन नुकतेच लागलेले दोघे तरुण औषधे बरोबर काढतात, पण रुग्णाशी बोलताना अडखळतात. त्यांना व्याख्यानाला पाठवावे की माहिती पाठ करायला द्यावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्यांना आधी प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

औषधाचा उपयोग, घेण्याची पद्धत, दुष्परिणाम, साठवण, चुकलेला डोस अशा मुद्द्यांवर नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाशी बोलावे, अशी २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीची अपेक्षा आहे. मात्र काउंटरवर गर्दी असताना ही यादी घडाघडा म्हटली तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीच राहत नाही. अमेरिकेतील मूलनिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेत रुजलेले तीन प्रश्न त्याहून कामाचे आहेत: हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले, कसे घ्यायला सांगितले, आणि घेतल्यावर काय जाणवेल असे सांगितले? रुग्णाला जे ठाऊक नाही तेवढेच मग सांगावे लागते. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प बसतात, म्हणून तिथे थोडे थांबावे.

शेवटी 'समजलं ना?' असे विचारू नये, कारण त्याला सगळेच मान डोलावतात. 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर हे कसं घ्याल?' असे विचारले, म्हणजे रुग्णाला परीक्षा दिल्यासारखे वाटत नाही. रोटाहेलरची, म्हणजे श्वासातून औषधाची पूड ओढायच्या उपकरणाची, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे दमेकरी प्रत्येक मेडिकलवाल्याला भेटलेले असतात. त्यामुळे दुकानात एक नमुन्याचा रोटाहेलर ठेवून आधी करून दाखवावे, मग रुग्णाकडून करून घ्यावे आणि तो तोंडातून काढून श्वास बाहेर सोडतो की त्यातच फुंकर मारतो, हे बघावे. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. डॉक्टरांनी वार ठरवून दिलेला नसेल तर त्यांना विचारून गावच्या बाजाराचा वार ठरवावा आणि तो पाकिटावर ठळक लिहावा, म्हणजे सहसा विसरला जात नाही.

अहिराणी घरात बोलणाऱ्या मुलाने काउंटरवर पुस्तकी मराठीचा हट्ट कशाला धरावा? 'काय हुयनं, आप्पा?' एवढ्यानेही माणूस मोकळा होतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या रुग्णासाठी सोबतच्या माणसाची मदत घ्यावी, पण कसे घेणार हे रुग्णाकडूनच वदवून घ्यावे.

सरावासाठी दुपारची निवांत वेळ बरी: एकाने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने फार्मासिस्ट, आणि आपण मध्ये न बोलता ऐकावे. सुरुवातीला रोटाहेलर, इन्सुलिन, मेथोट्रेक्सेट आणि ओआरएस एवढेच घ्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट एकाच वेळी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे असते, हे बाटली हातात धरून दाखवायला लावा. गर्भनिरोधक किंवा गुप्तरोगाचे औषध असेल तेव्हा काउंटरच्या टोकाला नेऊन हळू आवाजात बोलण्याचाही सराव हवा. आणि गर्दीच्या वेळी गल्ल्यावरून 'आटपा लवकर' अशी हाक आपण स्वतः मारत असाल, तर ती आधी बंद करावी लागेल.