जुना वस्तरा घेताना काय बघायचं आणि त्याला घरी धार कशी लावायची?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन एक जुना, जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा दिसलाय, पातं काळपट आहे, धार गेलेली आहे, तर नवशिक्याने तो घ्यावा का, आणि घरात सुरीसाठी जो काळा दगड आहे त्यावरच धार लावता येईल का. दगडाचं आधी सांगतो, नाही, तो लांबच ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कार्बोरंडमचा दगड विळी-सुरीला ठीक आहे, वस्तऱ्याची कड मात्र त्यावर दातरी होते आणि ते दात घालवायला नंतर बरंच पातं झिजवावं लागतं. आणि सायकलवर चाक फिरवत गल्लीत धार लावायला येतात त्यांच्याकडे तर अजिबात देऊ नका. कात्रीला त्यांचा हात चांगला असतो, पण वस्तऱ्याचं पोलाद साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेंपर केलेलं, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं, कड अतिशय पातळ असते, फिरत्या चाकावर ती क्षणात त्याच्या वर तापते आणि पोलाद मऊ पडतं. एकदा मऊ पडलं की टिकणारी धार पुन्हा येत नाही, मग दगड कितीही भारी आणा.

आता घ्यावा का ते. फोटोत सगळे जण पात्याची चमक आणि मुठीवरची नक्षी बघतात, तुम्ही पाठ बघा. वस्तरा दगडावर घासताना कोन हाताने धरावा लागत नाही, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायच्या की कोन आपोआप मिळतो, बहुतेक वस्तऱ्यांत तो १६ ते १८ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्यावर सगळं गणित आहे. दर वेळी घासताना पाठही थोडी झिजते, तिच्यावर एक चपटी चकचकीत पट्टी दिसते. ती पट्टी बारीक असेल आणि टाचेपासून (पात्याचं मुठीकडचं टोक) पुढच्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची असेल तर आधीच्या माणसाने वस्तरा नीट वापरलाय, तो घ्यायला हरकत नाही. एका टोकाला पट्टी रुंद आणि दुसरीकडे गायब असेल, किंवा एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाहीच, तर पातं वाकलेलं तरी आहे किंवा कोणीतरी वर्षानुवर्षं दाबून घासलंय, आणि असा वस्तरा नवशिक्याच्या हाती लागला की तो महिनाभर दगडावर घासत बसतो आणि शेवटी स्वतःलाच जमत नाही असं समजून नाद सोडतो. त्याचा दोष नसतो हो, वस्तराच तसा असतो. म्हणून विकणाऱ्याकडे पाठीचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा, आणि एक फोटो धार वर करून सरळ समोरून काढलेला मागा. कड सरळ असावी किंवा किंचित बाहेर फुगलेली असावी. मधे आत गेलेली असेल तर सोडा.

काळपटपणाला घाबरू नका. जुन्या कार्बन पोलादाला डाग पडतातच, पात्याच्या अंगावर असतील तर दाढीला काहीच फरक पडत नाही. गंजाचे खड्डे धारेच्या अगदी लगत असतील तर मात्र नको, कारण थोडं घासलं की कड त्या खड्ड्यात जाऊन पोचते आणि तिथे तुकडा पडतो. चीर गेलेला वस्तरा तर फुकट दिला तरी घेऊ नका, चीर कुठल्याच दगडाने जात नाही. हातात बघायला मिळाला तर पात्यावर नखाने हलकी टिचकी मारा, पोकळ घासणीचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं पातं असेल तर छान लांब आवाज येतो, चिरेच्या पात्याचा आवाज बसका येतो. आणि एकदम आरशासारखा चमकवलेला, मुठीसकट नवा करून दिलेला वस्तरा दिसला तर जरा जास्तच निरखून बघा, मशिनवर पॉलिश करताना पातं तापलेलं असू शकतं. कडेजवळ निळसर किंवा तपकिरी झाक दिसली की विषय संपला.

नावांचं म्हणाल तर जर्मनीचं सोलिंगेन, इंग्लंडचं शेफील्ड आणि स्वीडनचं एस्किल्स्टुना ही तीन गावं लक्षात ठेवा, तिन्हीकडे उत्तम माल बनायचा. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सची तारा आणि माल्टीज क्रॉसची खूण आपल्याकडे पूर्वी फार चालायची, त्यामुळे तिच्या नकलाही झाल्यात, म्हणून नुसत्या शिक्क्यावर पैसे देऊ नका. वर्षाचा साधारण अंदाज हवा असेल तर एक गोष्ट उपयोगी पडते, अमेरिकेने १८९० साली कायदा केला आणि १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून शिक्क्यात देशाचं नाव असलेले बरेच वस्तरे त्यानंतरचे असतात. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, पहिल्यासाठी ५/८ किंवा ६/८ घ्या, म्हणजे साधारण १६ ते १९ मिलिमीटर, टोक गोल असलेला. चौकोनी टोकाचा दिसायला भारी असतो पण सुरुवातीला कानाजवळ लागतो. जाड पाचरीसारख्या घडणीचे जुने शेफील्ड वस्तरे मला मनापासून आवडतात, तरी पहिला म्हणून नकोच, त्यांना दगडावर फार वेळ लागतो.

मुठीचंही बघा. हस्तिदंताची मूठ सांगत असतील तर विचारच करू नका, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. कासवाच्या पाठीसारखी दिसणारी पिवळी-तपकिरी पारदर्शक मूठ बहुतेक वेळा सेल्युलॉइडची असते, ती जुनी होऊन कुजायला लागली की तिच्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटलेल्या पात्यावर नेमका मुठीच्या आकाराचा गंज चढतो. शिंगाची, लाकडाची किंवा साध्या काळ्या प्लॅस्टिकची मूठ बरी.

आपल्या सोलापुरात कुठे बघायचं? मंगळवार बाजारात जुन्या सामानात कधीमधी एखादा निघतो, पुण्याला जाणं झालं तर तिथल्या जुन्या बाजारात जास्त शक्यता. पण माझं मत विचाराल तर आधी आपल्या पेठेतल्या वयस्कर सलूनवाल्या मामांशी बोला. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने सगळीकडे अर्धं ब्लेड अडकवायचे वस्तरे आले आणि खरे वस्तरे धोकटीत तसेच पडून राहिले. विकत मागायच्या आधी बसून विचारा, कसे पाजवायचे, चामोटीवर, म्हणजे धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, हात कसा फिरवायचा, त्यांनी तो हात आयुष्यभर चालवलाय. साखर पेठेत एका मामांनी मला पातं उलटवताना बोटात मूठ कशी गोल फिरवायची ते दाखवलं, मनगट जागचं हललंच नाही त्यांचं, आणि हे कुठल्याही व्हिडिओतून मला कळलं नव्हतं.

शक्य असेल तर पहिला वस्तरा धार लावून देणाऱ्या संग्राहकाकडूनच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. चांगली धार गालावर कशी लागते हेच माहीत नसेल तर आपण लावलेली धार झाली की नाही हे कशावरून ठरवणार?

आता धार. लागतं काय तर १००० चा एक पाण्याचा दगड (म्हणजे पाणी टाकून वापरायचा, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक कणांचा), मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि जमलं तर १२०००. दगडांना वस्तऱ्यापेक्षा जास्त पैसे जातात हे धरून चला. स्वस्तात करायचं तर लॅपिंग फिल्म, म्हणजे बारीक घासकण लावलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म मिळते, ९, ३ आणि १ मायक्रॉनची (इथे आकडा लहान तितकी बारीक), ती काचेच्या दुकानातून १० मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून घेऊन त्यावर पाण्याने चिकटवायची. मात्र अगदीच बोथट वस्तऱ्याला त्याआधी १००० चा दगड लागतोच. शहाबादी फरशीवर घासू का असंही बरेच जण विचारतात, नका घासू. आणि नवा दगड सपाट असतो असं धरून चालू नका, त्यावर पेन्सिलने चौकटी आखा, काचेवर ४०० चा वॉटर पेपर ओला करून पसरा आणि सगळ्या रेषा जाईपर्यंत दगड घासा, मधेच रेषा उरली तर तिथे खड्डा आहे.

खरं काम १००० वरच असतं आणि माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंना कडेशी जे बारीक उतार असतात त्यांना बेव्हल म्हणतात, हे दोन उतार छपराच्या आढ्यासारखे वर एका रेघेत मिळाले पाहिजेत, टाचेपासून टोकापर्यंत, कुठेही सपाटी न राहता. ते मिळाले नसतील तर पुढचे सगळे दगड त्या सपाटीच्या दोन बाजूंना नुसतं पॉलिश करत राहतात, पातं चमकतं आणि दाढी ओढते. बहुतेक लोक इथेच अडकतात आणि १२००० चा दगड विकत आणतात. त्यापेक्षा आधी पाठीवर इलेक्ट्रिशियनची टेप लावा एक थर, म्हणजे पाठ झिजत नाही, आणि कडेच्या दोन्ही उतारांवर काळा मार्कर फिरवा. पातं दगडावर आडवं ठेवा, पाठ आणि कड दोन्ही टेकलेल्या, धार पुढे ठेवून ढकला, आणि ढकलता ढकलता टाचेकडून टोकाकडे तिरकं ओढा. परत येताना धारेवरून उलटवायचं नाही, पाठीवरून उलटवायचं. दाब फक्त पात्याच्या वजनाएवढाच, बोट नुसतं टेकलेलं. दोन-चार हातांनंतर बघा मार्कर कुठे गेला. अगदी कडेपर्यंत गेला असेल तर उत्तम, कडेशी उरला असेल तर दगड अजून कडेला पोचलाच नाही, चालू ठेवा. थोड्या वेळाने दगडावरचं पाणी पात्यापुढे ढकललं जायचं थांबून कडेवरून पात्यावर चढायला लागतं, तो क्षण नीट बघा, बेव्हल जुळत आल्याची ती खूण. मग ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा. जिथे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते तिथे धार नाही, खऱ्या धारेवरून उजेड परत येतच नाही. घड्याळजीकडचं भिंग असेल तर अजून बरं. शेवटी हाताच्या केसांवर त्वचेला लागून हलकेच फिरवा, पात्याचा प्रत्येक भाग सारखे केस काढत असेल तरच पुढे जा. याला तास लागो नाहीतर दोन संध्याकाळी, घाई करू नका.

पुढचं सोपं आहे, प्रत्येक दगडावर आधीच्या दगडाचे ओरखडे जाईपर्यंत, दर वेळी दाब अजून कमी. दगड बदलताना टेपही बदला आणि पातं धुऊन घ्या, जाड दगडाचा एक कण बारीक दगडावर गेला तरी कड ओरखडते.

मग चामोटी. आधी सुती पट्ट्यावर वीस-पंचवीस हात, मग चामड्यावर पन्नासेक, पाठ पुढे ठेवून, इथे धार मागे राहते, आणि पट्टा ताणलेला. सैल पट्ट्यावर कड गोल होते. प्रत्येक दाढीआधी चामड्यावर फिरवलं तर दगडाची गरज पुढे बरेच महिने पडत नाही. पहिल्या दाढीला फक्त गाल करा, केसांच्या दिशेने, पातं त्वचेशी साधारण ३० अंशात, गरम पाण्यात पिळलेला आपला सोलापुरी टॉवेल आधी दोन मिनिटं धरा. हनुवटी आणि वरचा ओठ नेहमीच्या रेझरने उरकला तरी चालतं सुरुवातीला.

जुना वस्तरा आणला की आधी भांड्याच्या साबणाने धुवून स्पिरिटने पुसा, उकळू नका, मूठ खराब होते. वापरून झाल्यावर लगेच कोरडा करा, आपल्याकडचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे डाग राहतात, शिलाई मशिनच्या तेलाचा बारीक हात फिरवून बाथरूमच्या बाहेर ठेवा. आणि तुमचा वस्तरा घरातल्या दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

तुम्ही बघितलेल्या वस्तऱ्याचे पाठीचे दोन आणि धारेचा समोरून एक असे फोटो विकणाऱ्याकडून मागवा आणि इथे खाली टाका, पैसे पाठवायच्या आधी. पाठीवरच्या पट्टीवरून घेण्यासारखा आहे की नाही ते मी सांगतो.