रजेवरून परतलो, तर माझ्या खुर्चीत दुसराच!

बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, घरातल्या कुणाचं तरी लांबलेलं आजारपण. रजेची कारणं वेगवेगळी असली तरी परतल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं: "माझी जागा दुसऱ्याला देऊन टाकली." पगार तोच असतो, टेबलही असतं, पण चारचौघांत ज्यामुळे ओळख होती तेच गेलेलं असतं. पाठोपाठ प्रश्न येतो, "राजीनामा देऊ का?"

त्यातल्याच एका गृहस्थांची ही हकीकत, त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून. मराठी माणूस, बरीच वर्षं पोलंडमध्ये, क्राकोवला नोकरी. आमच्या भेटी ऑनलाइन व्हायच्या. मणक्याची शस्त्रक्रिया झाल्यावर ते काही महिने घरी होते. कामावर गेले तेव्हा त्यांनीच हाताला धरून शिकवलेला मुलगा टीम लीड झाला होता.

सुरुवातीच्या भेटींत ते स्वतःबद्दल कमी आणि कुबाबद्दलच जास्त बोलत. कुबा म्हणजे याकुब ब्वाश्चिकोव्स्की, पोलंडच्या फुटबॉल संघाचा माजी मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माणूस ज्या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळतो तिथून त्याला ओढून काढायचं नाही, हे मला या व्यवसायानं शिकवलंय. मी ऐकत राहिले. डॉर्टमुंड या जर्मन क्लबकडून २०११ आणि २०१२ अशी सलग दोन बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीगची विजेतेपदं. २०१२ मध्येच जर्मन चषक, अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकला ५-२ नं हरवून. त्याच उन्हाळ्यात मायदेशी युरो स्पर्धा, कर्णधार कुबा, आणि वॉर्सात रशियाविरुद्ध बरोबरी साधणारा त्याचा डाव्या पायाचा गोल. मग जानेवारी २०१४ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, आणि त्याच वर्षी पोलंडचे प्रशिक्षक नावाउका यांनी कर्णधाराची पट्टी संघातल्याच लेवांडोव्स्कीच्या दंडावर बांधली.

"बघा मॅडम. माणूस आजारी पडला आणि पट्टी काढून घेतली."

दर वेळी गोष्ट २०१४ ला येऊन थांबायची.

एका भेटीत मात्र सूर वेगळा होता. "मला स्वतःचीच लाज वाटते," ते म्हणाले. कुबा दहा वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांदेखत वडिलांनी आईचा जीव घेतला. आजीनं त्याला वाढवलं. मामा येझी ब्झेंचेक, स्वतः पोलंडचा माजी कर्णधार, यानं त्याला पुन्हा मैदानाकडे वळवलं. "एवढं सोसलेला माणूस तो, आणि मी एका पदासाठी रडतोय."

इथे मी त्यांना थांबवलं. प्रेरणादायी गोष्टींचा हा दुष्परिणाम मी फार पाहिलाय. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाशेजारी आपलं ठेवलं की आपलं कमी होत नाही, त्याबद्दल बोलणं तेवढं बंद होतं. पद गेल्याचं वाईट वाटणं योग्यच आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. त्यात वाईट वाटण्याला मनाई नाही. तपासायचं ते एवढंच, की "पद गेलं" या वाक्याला आपण गुपचूप "म्हणजे मी संपलो" असं शेपूट जोडलंय का.

मग मी विचारलं, "पट्टी गेल्यावर कुबानं काय केलं?"

"नाराज झाला. लपवलं नाही त्यानं."

"आणि नंतर?"

"खेळला."

"कुठे?"

"उजव्या बाजूला. नेहमीच्या जागी."

"आणि लेवांडोव्स्की?"

"तो पुढे. स्ट्रायकर आहे तो, गोल करणारा." एवढं बोलून ते थबकले. "मॅडम, त्यानं कुबाची जागा घेतलीच नव्हती की. पट्टी घेतली होती."

खरं सांगायचं तर हे मला दोन भेटी आधीच दिसलं होतं. मी सांगून टाकलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. वाट पाहिली याचं मला आजही समाधान आहे.

त्यानंतर पहिल्यांदाच गोष्ट २०१४ च्या पुढे सरकली, आणि गृहस्थ नुसते फुलले. कुबा उसनवारीवर फिओरेन्टिना या इटालियन क्लबात होता, तिथे फारसं खेळायला मिळत नव्हतं, तरी २०१६ च्या युरोत तो उतरला. युक्रेनविरुद्ध मध्यंतरानंतर बदली म्हणून आला आणि सामन्यातला एकमेव गोल त्याचा. स्वित्झर्लंडविरुद्ध गोल, शिवाय शूटआउटमधली पेनल्टीही आत. मग पोर्तुगालविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत त्याचीच पेनल्टी रुई पात्रिसियोनं अडवली आणि पोलंड बाहेर. "तरी पुढे खेळलाच. २०१९ मध्ये आमच्या क्राकोवचा विस्वा क्लब कर्जात बुडाला, तेव्हा हा परत आला. क्लबला उसने पैसे दिले आणि महिना अवघ्या ५०० झ्वोटींवर, म्हणजे इथल्या नाममात्र पगारावर खेळला!"

आता काम सोपं झालं होतं. पट्टी कोणती आणि उजवी बाजू कोणती, हे त्यांच्या नोकरीत शोधायचं. रजांचे तक्ते आणि आठवड्याच्या बैठका ही पट्टी. तिचा त्यांना कंटाळाच होता, हेही बोलता बोलता निघालं. महिनाअखेरीला अडलेला हिशोब सोडवणं ही उजवी बाजू. ती कुणी काढून घेतली नव्हती, रुसव्यात त्यांनीच सोडली होती.

रजेवरून परतणाऱ्यांना मी म्हणून सांगते, साहेबांकडे "मला का काढलं?" घेऊन जाऊ नका, त्याला खुलासे मिळतात. "यापुढे कोणतं काम माझ्या जबाबदारीचं?" असं विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. नव्या लीडशी स्वतःहून बोला, बहुतेकदा तोही अवघडलेला असतो. राजीनाम्याचा निर्णय राग निवल्यावर घ्या. नाराजी असेल तर असू द्या, ती बाळगूनही काम करता येतं. मात्र खरोखर अन्याय असेल तर मन समजावत बसू नका. बाळंतपणाच्या रजेत बाईच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलायला आपल्याकडे कायद्यानं मनाई आहे. तिथे समुपदेशकाआधी वकील गाठा.

गृहस्थांना पद परत मिळालं का? नाही. तो मुलगाच अजून लीड आहे, आणि हिशोब अडला की यांच्याच टेबलाशी येतो. "अजून टोचतं हो," ते म्हणाले. टोचू दे, म्हटलं, हिशोब तेवढा सोडवून द्या.